गॅलिलिओची लेक आणि आमची मावशी



एरवी या कार्यक्रमात आपण शेतीचं बोलतो, आरोग्याचं बोलतो, बचतीचं आणि कायद्याचं बोलतो. आज थोडी लांबची गोष्ट सांगणार आहोत. चारशे वर्षांपूर्वीची, इटली देशातली. पण ती सुरू झाली आमच्याच गटाच्या बैठकीत, म्हणून आधी बैठकीचं सांगतो.

माती परीक्षणाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं. मातीचा नमुना कसा घ्यायचा, सामू म्हणजे काय, अहवाल कसा वाचायचा, हे शिकवणार होते. गटातून दोघींना पाठवायचं होतं. एका मावशींचं नाव निघालं. मावशी गटात पहिल्या दिवसापासून आहेत. हिशेबाला चोख आहेत, दीड एकर रान स्वतः कसतात. त्या ख्रिस्ती आहेत. दर रविवारी चर्चला जातात. घास तोंडात घालायच्या आधी डोळे मिटून प्रार्थना करतात.

नाव निघालं तशी एक जण म्हणाली, "मावशींना कशाला? त्यांचं सगळं प्रार्थनेवर असतं. हे शास्त्राचं त्यांना काय रुचणार?" दोघीतिघी हसल्या. आमच्यातल्या एकीची लेक बारावीला आहे, शास्त्र शाखेला. ती आईसोबत आली होती. ती म्हणाली, "यांच्या चर्चनंच तर गॅलिलिओला तुरुंगात टाकलं. पृथ्वी फिरते म्हणाला म्हणून."

मावशी चिडल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, "टाकलं असंल बाई. पण तो गॅलिलिओ तरी रविवारी कुठं जात होता?"

कुणालाच उत्तर देता आलं नाही. आम्ही दुसरी दोन नावं वहीत लिहिली आणि चहा घेतला. मावशींचा प्रश्न मात्र आमच्याबरोबर घरापर्यंत आला. मग आम्ही रेडिओच्या चौघी बसलो, पुस्तकं मिळवली, शिक्षकांना विचारलं. जे हाती आलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

मावशींच्या प्रश्नाचं उत्तर आधीच सांगून टाकतो. गॅलिलिओ चर्चलाच जात होता. तो जन्मभर कॅथलिक ख्रिस्ती राहिला. १६१८ साली त्यानं लोरेतो इथल्या मारियामातेच्या तीर्थाची यात्राही केली होती. त्याच्या दोन्ही लेकी मठात जोगिणी होत्या. हे आमच्यापैकी एकीलाही ठाऊक नव्हतं.

आता गोष्ट पहिल्यापासून. गॅलिलिओचा जन्म १५६४ साली पिसा गावात झाला. तो गणित शिकवायचा. १६०९ साली त्याला कळलं की परदेशात लांबचं जवळ दाखवणारी नळी निघाली आहे. त्यानं तशी नळी स्वतः बनवली, भिंगं घासून घासून सुधारली आणि रात्री आकाशाकडे वळवली. चंद्र गुळगुळीत नव्हता, त्यावर डोंगर आणि खड्डे दिसले. गुरू ग्रहाभोवती चार चंद्र फिरताना दिसले. म्हणजे आकाशातलं सगळंच काही पृथ्वीभोवती फिरत नव्हतं. १६१० साली त्यानं हे छोट्या पुस्तकात छापलं.

पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे त्याच्याही आधी एकानं मांडलं होतं. त्याचं नाव कोपर्निकस, पुस्तक १५४३ सालचं. हा कोपर्निकस कोण होता? पोलंडमधल्या एका मोठ्या चर्चच्या कारभारी मंडळात नेमणूक असलेला माणूस. चर्चच्याच उत्पन्नावर त्याचं पोट होतं.

आता दुर्बीण आली तेव्हा तिच्यातून बघायला कोण तयार झालं आणि कोण नाही, ते ऐका. इथं आम्ही चांगल्याच चकित झालो.

पादुआच्या विद्यापीठात क्रेमोनिनी नावाचे तत्त्वज्ञानाचे मोठे प्राध्यापक होते. गॅलिलिओशी त्यांची ओळख जुनी. पण दुर्बिणीतून बघायला त्यांनी नकार दिला. हे भिंगातून बघणं म्हणजे डोक्याला नसता घोळ, असं त्यांचं म्हणणं. शेकडो वर्षांपूर्वी अॅरिस्टॉटलनं लिहून ठेवलंय ते त्यांना पुरे होतं. आम्हाला वाटलं, हे नक्की कुणी कट्टर धार्मिक असणार. उलटंच निघालं. हा माणूस देव मानत नाही, आत्मा अमर मानत नाही, असा संशय धर्मन्यायालयानं घेतला होता. त्यांची चौकशी चालली होती.

दुसरीकडे रोममध्ये जेझुइट पंथाचे धर्मगुरू होते. त्यांच्या विद्यालयात क्लाव्हियस नावाचे सत्तरी ओलांडलेले गणिती होते. आपल्या स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर असतं ना, ज्याच्यावर आपण दुधाचा हिशेब मांडतो? त्यातली इंग्रजी तारखांची पद्धत १५८२ साली बसवली गेली. ज्यांनी ती बसवली त्यांत हे क्लाव्हियस होते. त्यांनाही आधी गॅलिलिओचं पटलं नव्हतं. पण त्यांनी आणि त्यांच्या सोबतच्या धर्मगुरूंनी स्वतः रात्री जागून पाहिलं आणि १६११ साली लेखी कळवलं की होय, गुरूचे चंद्र आहेत. मग त्याच विद्यालयात गॅलिलिओचा सत्कार झाला.

म्हणजे ज्याच्यावर नास्तिक असल्याचा संशय, तो बघायला तयार नाही. झगा घातलेले धर्मगुरू रात्र रात्र जागून बघतायत. आता सांगा, कुणाच्या गळ्यात काय आहे त्यावरून आपण काय ओळखणार होतो?

पुढची गोष्ट एका बाईच्या प्रश्नाची आहे. १६१३ सालचा डिसेंबर. पिसाला राजघराण्यात सकाळचं खाणं चाललं होतं. तिथं गॅलिलिओचा शिष्य कास्तेल्ली हजर होता. तो मठातला संन्यासी आणि गणिताचा शिक्षक. राजाची आई क्रिस्टिना मोठी भाविक. तिनं विचारलं, बायबलात तर यहोशवानं सूर्याला थांबायला सांगितलं आणि सूर्य थांबला असं लिहिलंय. मग पृथ्वी फिरते आणि सूर्य जागेवर आहे हे कसं?

प्रश्न प्रामाणिक होता. गॅलिलिओनंही तो हसण्यावारी नेला नाही. आधी त्यानं कास्तेल्लीला पत्र लिहिलं आणि १६१५ साली खुद्द क्रिस्टिनाला मोठं पत्र लिहिलं. त्यातलं म्हणणं आपल्या शब्दांत सांगतो. बायबल देवाचं आणि सृष्टीही देवाचीच, मग दोन्हींत भांडण असेलच कसं? भांडण दिसत असेल तर आपलं वाचण्यात चुकतंय. धर्मग्रंथ साध्या माणसांसाठी त्यांच्याच बोलीत सांगितलेला आहे. आपण नाही का, पृथ्वी फिरते हे शाळेत शिकूनही रोज म्हणतो, दिवस उगवला, दिवस मावळला? ते म्हणणं खोटं नसतं, पण ते खगोलशास्त्रही नसतं. एका कार्डिनलचं म्हणणंही त्यानं पत्रात घेतलं होतं: स्वर्गाला कसं जायचं ते धर्मग्रंथ शिकवतो, आकाश कसं चालतं ते शिकवणं हे त्याचं काम नाही.

मैत्रिणींनो, हे पत्र लिहिणारा माणूस श्रद्धा सोडून विज्ञानाकडे निघालेला नव्हता. तो दोन्ही हातांत दोन्ही घेऊन उभा होता.

पण सगळ्यांना ते पटलं नाही. १६१६ साली रोमच्या धर्माधिकाऱ्यांनी ठरवलं की पृथ्वी फिरते हे मत धर्माच्या विरुद्ध आहे. कोपर्निकसचं पुस्तक दुरुस्त होईपर्यंत बंद ठेवलं गेलं आणि गॅलिलिओला ताकीद मिळाली. तो बरीच वर्षं गप्प राहिला. मग त्याचा एक चाहता पोप झाला, अर्बन आठवे. गॅलिलिओला धीर आला. १६३२ साली त्यानं मोठं पुस्तक छापलं, तेही विद्वानांच्या लॅटिनमध्ये नाही, तर लोकांच्या इटालियन भाषेत. त्यात तीन माणसं गप्पा मारतात. पृथ्वी स्थिर आहे म्हणणाऱ्या भोळसट माणसाच्या तोंडी त्यानं खुद्द पोपचा आवडता मुद्दा घातला. पोपचा राग अनावर झाला.

इथं एक गोष्ट कबूल केली पाहिजे. गॅलिलिओकडेही तेव्हा पक्का पुरावा नव्हता. समुद्राच्या भरती-ओहोटीवरून पृथ्वी फिरते असं तो दाखवायला गेला, ते चुकलं. भरती मुख्यतः चंद्रामुळे येते, हे केपलर नावाचा दुसरा शास्त्रज्ञ सांगत होता. तो केपलरही मोठा भाविक ख्रिस्ती. त्याचं म्हणणं गॅलिलिओनं उडवून लावलं. शास्त्रज्ञही हट्टी असतात. पण पुरावा कच्चा असला तर तो तपासावा. म्हाताऱ्या माणसाला धाक घालून त्याचं तोंड बंद करणं हा त्यावरचा उपाय नव्हता. तो अन्यायच होता आणि तो धर्माच्या नावानं झाला. मावशींना बरं वाटावं म्हणून आम्ही ते झाकणार नाही.

१६३२ साली ६८ वर्षांच्या, आजारी गॅलिलिओला रोमला बोलावलं. फ्लोरेन्सच्या भागात प्लेगची साथ होती, तशात तो प्रवासाला निघाला. आणि इथंच आपल्या गोष्टीत त्याची लेक येते.

तिचं पाळण्यातलं नाव व्हर्जिनिया. जन्म १६०० सालचा. गॅलिलिओनं तिच्या आईशी लग्न केलेलं नव्हतं. मुलींची लग्नं जमणं कठीण, हुंडाही भारी. म्हणून १६१३ साली, व्हर्जिनिया १३ वर्षांची असताना, त्यानं दोन्ही मुलींना फ्लोरेन्सजवळ आर्चेत्रीच्या सान मात्तेओ मठात घातलं. मुलींना विचारून घातलं असं कुठं दिसत नाही. एवढा मोठा शास्त्रज्ञ, पण लेकींच्या बाबतीत चारचौघांसारखाच वागला. धाकटीला मठ मानवला नाही, ती सतत आजारी असायची. थोरलीनं मात्र तिथं आपलं जग उभं केलं. १६१६ साली व्रत घेतलं आणि नवं नाव घेतलं, मारिया चेलेस्ते. चेलेस्ते म्हणजे आकाशाची. बाप आकाश बघणारा, तिनं ते नावात बांधून घेतलं.

मठ फार गरीब होता. भाकरीची चणचण, थंडीत पांघरुणाची चणचण. एकदा आत गेलेल्या बाईला बाहेर पाऊल टाकायची मुभा नसे. भेटायला आलेला बापही जाळीच्या पलीकडे बसायचा. अशा ठिकाणी बसून तिनं बापाला पत्रं लिहिली. त्यांतली १६२३ ते १६३३ या काळातली १२४ पत्रं आज शिल्लक आहेत.

त्या पत्रांत काय आहे? आपल्या माहेरच्या फोनवर जे असतं तेच. जेवलात का, थंडीत बागेत फार वेळ राबू नका, वारुणी कमी घ्या. ती बापाच्या कॉलर शिवून, धुऊन पाठवायची. महाळुंगाच्या फोडी साखरेच्या पाकात मुरवून पाठवायची. मठाचं घड्याळ बिघडलं की बापाकडे जायचं, तो दुरुस्त करून पाठवायचा.

ती मठाचा दवाखाना सांभाळायची. औषधं कुटायची, गोळ्या करायची, आजारी जोगिणींची उस्तवार करायची. प्लेगच्या साथीत तिनं बापाला एक चाटण पाठवलं. सुके अंजीर, अक्रोड, सताप आणि मीठ मधात कालवलेलं. सोबत प्रार्थनाही केली. त्या चाटणानं प्लेग हटत नव्हता, हे आज आपल्याला कळतं. पण त्या काळच्या डॉक्टरांकडेही याहून बरं काही नव्हतं. औषध द्यायचं आणि प्रार्थनाही करायची, यात तिला काही विरोध वाटला नाही. आपल्या घरात तरी कुणाला वाटतो? लेकराला ताप आला की आपण सरकारी दवाखान्यातही नेतो आणि देवापुढं दिवाही लावतो.

बाप रोमला अडकला तेव्हा त्याचं आर्चेत्रीतलं घर तिनं मठाच्या भिंतीआडून चालवलं. घर मठापासून जवळच होतं. मोलकरणीकडून निरोप घ्यायची आणि बापाला कळवायची. वारुणीचं पिंप कसं आहे, खेचर खातं का, बागेत गारा किती पडल्या. बागेतली शेवटची लिंबं विकली तेव्हा त्या पैशात तिनं बापासाठी चर्चमध्ये तीन प्रार्थनाविधी करवले, आणि तेही पत्रात लिहिलं.

२२ जून १६३३. रोममध्ये एका मठाच्या दालनात गॅलिलिओला गुडघ्यावर बसवलं. पृथ्वी फिरते हे मत आपण सोडतो, असं त्याच्याकडून वदवून घेतलं. गोष्टीत सांगतात की उठताना तो पुटपुटला, "तरी ती फिरतेच." त्या काळच्या कागदांत हे कुठं नाही. ते छापलं गेलं सव्वाशे वर्षांनी. नोंद असलेली गोष्ट वेगळी आहे. दहा कार्डिनल न्यायाला बसले होते आणि निकालावर सह्या सातांच्याच आहेत. सही नसलेल्या तिघांत पोपचा सख्खा पुतण्या होता.

शिक्षा झाली कैदेची. पण अंधारकोठडीत टाकलं असं आम्ही समजत होतो, तसं झालं नाही. आधी त्याला सिएनाच्या आर्चबिशपकडे ठेवलं. तो आर्चबिशप पिकोलोमिनी. त्यानं या शिक्षा झालेल्या माणसाला पाहुण्यासारखं वागवलं, पुन्हा लिहितं केलं. म्हणजे शिक्षा देणारेही चर्चचे आणि खचलेल्याला उभं करणाराही चर्चचाच.

इकडे मठात लेकीला बातमी कळली. त्याच दिवसांत बापाचे मित्र तिच्याकडे आले. घरावर झडती आली तर धोका नको म्हणून काही कागद हलवायचे होते. किल्ल्या हव्या होत्या. तिनं दिल्या. ती व्रतस्थ जोगीण होती. रोमचा शब्द तिच्यासाठी मोठा. पण तिनं किल्ल्या दिल्या आणि बापाला तसं कळवलंही.

शिक्षेत एक भाग असा होता की गॅलिलिओनं तीन वर्षं दर आठवड्याला पश्चात्तापाची सात स्तोत्रं म्हणायची. निकाल वाचायला मिळाल्यावर लेकीनं लिहिलं की ही स्तोत्रं मी म्हणते, तेवढाच तुमचा भार कमी. श्रद्धा सोडून नाही, श्रद्धेतूनच तिनं बापाची शिक्षा वाटून घेतली.

डिसेंबरात गॅलिलिओ घरी आला. घराबाहेर जायला बंदी, पण लेकीचा मठ जवळ. हे सुख चार महिनेही टिकलं नाही. तिला हगवण लागली आणि २ एप्रिल १६३४ ला ती गेली. वय ३३. गॅलिलिओ कोलमडला. पण पुढं तो पुन्हा कामाला बसला. वस्तू कशा पडतात, तुळई किती भार झेलते, यावर त्यानं शेवटचं मोठं पुस्तक लिहिलं. ते १६३८ साली हॉलंडमध्ये छापलं गेलं. तोवर त्याचे डोळे गेले होते. १६४२ च्या जानेवारीत तो वारला. लेकीची पत्रं त्याच्या कागदांत जपून ठेवलेली सापडली. त्यानं तिला लिहिलेलं एकही पत्र आज नाही. मठात ती नष्ट केली गेली असावीत, असं अभ्यासक मानतात.

१७३७ साली फ्लोरेन्सच्या मोठ्या चर्चमध्ये गॅलिलिओसाठी समाधी बांधली आणि त्याचे अवशेष तिथं हलवले. तेव्हा त्याच्याजवळ एका स्त्रीचेही अवशेष मिळाले. ती त्याची लेकच, असं मानतात. दोघं आता एकाच ठिकाणी आहेत. पृथ्वी फिरते म्हणणारी पुस्तकं मात्र १८३५ पर्यंत बंदीच्या यादीत राहिली. १९९२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी उघडपणे मान्य केलं की गॅलिलिओच्या बाबतीत त्या वेळच्या धर्माधिकाऱ्यांची चूक झाली. निकालानंतर ३५९ वर्षांनी. उशीर फार झाला, पण चूक म्हटली.

मग "धर्म म्हणजे विज्ञानाचा वैरी" हे आपल्यापर्यंत आलं कुठून? ते फार जुनं नाही. १८७४ साली अमेरिकेत ड्रेपर नावाच्या लेखकानं आणि १८९६ साली व्हाइट नावाच्या लेखकानं अशी पुस्तकं लिहिली की इतिहास म्हणजे धर्म आणि विज्ञान यांचं अखंड युद्ध. ती जगभर वाचली गेली. युद्धाची गोष्ट सांगायला सोपी असते. एकीकडे चांगले, दुसरीकडे वाईट. त्यात महाळुंगाच्या फोडी पाठवणारी जोगीण बसत नाही, म्हणून ती गळून पडते.

आणि अशी माणसं पुढंही झाली. आपण संकरित बियाणं विकत घेतो. गुण एका पिढीतून दुसरीत कसे उतरतात याचा पहिला पक्का हिशेब मेंडेलनं मांडला, मठाच्या बागेत वाटाणे लावून. तो ख्रिस्ती संन्यासी होता. त्यानं १८६६ साली छापलेलं काम जगाला १९०० साली कळलं. विश्व पसरत आहे हे १९२७ साली मांडणारा बेल्जियमचा लमेत्र हा धर्मगुरू होता. आणि लांब कशाला, आपल्या मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजात वाळवलेल्या वनस्पतींचा मोठा संग्रह आहे. त्याला ज्यांचं नाव आहे ते ब्लॅटर जेझुइट फादर. त्यांच्या मागून आलेले फादर संतापाव यांनी खंडाळ्याच्या झाडाझुडपांचा अभ्यास केला. पुढं ते भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे प्रमुख झाले. सह्याद्रीच्या रानात हिंडून पानं-फुलं गोळा करायची आणि सकाळी प्रार्थनाही चालवायची, हे त्यांच्या एकाच दिवसात बसत होतं.

याचा अर्थ श्रद्धेच्या नावावर काहीही चालवून घ्यायचं असा नाही. कुणी म्हणालं लस नको, नुसती प्रार्थना करा, किंवा साप चावलेल्याला दवाखान्याऐवजी मांत्रिकाकडे न्या, तर तिथं आपण ठाम नाही म्हणायचं. मग ते सांगणारा कुठल्याही धर्माचा असो. पण ते त्या बोलण्याला नाही म्हणायचं. क्रॉस घातलेल्या, माळ घातलेल्या, बुरखा घेतलेल्या प्रत्येक बाईला आधीच अडाणी ठरवायचं नाही. आणि कुणी पूजा करत नसेल तर तिला नीतिभ्रष्टही ठरवायचं नाही. क्रेमोनिनींच्या गोष्टीवरून आम्ही एवढं शिकलो की बघायला कोण तयार आहे ते विचारावं. ते विचारायला आम्ही विसरलो होतो. मावशींनी माती परीक्षणाला नाही म्हटलंच नव्हतं. त्यांच्या वतीनं आम्हीच नाही म्हणून मोकळ्या झालो होतो.

आपल्या मराठी मुलखात पिढ्यान्‌पिढ्यांची ख्रिस्ती कुटुंबं आहेत. आपल्यासारखीच भाकरी, आपलीच बोली, आपलाच दुष्काळ. चारशे वर्षांपूर्वी रोममध्ये काय झालं त्याचा हिशेब त्यांच्या दारात मागायचा नसतो, हे आम्हाला सांगायला मावशींचा एक प्रश्न लागला.

हे बोलणं रेडिओवर जाण्याआधी आम्ही मावशींच्या ओट्यावर बसून त्यांना वाचून दाखवलं. चुकलं म्हणून सांगितलं. बारावीची पोरही आली होती. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि मग विचारलं, "मावशी, त्या जोगिणीला दुर्बिणीतून बघायला मिळालं असेल का हो?" मावशी म्हणाल्या, "तिला नसंल मिळालं तर तू बघ." प्रशिक्षणाच्या पुढच्या तुकडीत मावशींचं नाव आहे. त्यांनी आधीच बजावलंय की पहिला नमुना त्यांच्या वरच्या तुकड्यातला घ्यायचा. तिथं तीन वर्षं हरभरा पिवळा पडतोय.

तर मैत्रिणींनो, या आठवड्याच्या बैठकीत एवढं करा. आपल्या गटात अशी कुणी आहे का, जिचं नाव आपण तिच्या देवामुळे, जातीमुळे किंवा पेहरावामुळे कुठल्या तरी यादीतून वगळलं? तिला विचारलं होतं का? वही काढा आणि एकदा बघा. काय निघालं ते आम्हाला पत्रानं कळवा, पुढच्या बोलण्यात ते घेऊ.

येतो. नमस्कार.